कॉर्न स्नेक महिना झाला खात नाही. पावसाळ्यात पेटीत काय बदलू?

पायवाट_डिचोली

नमस्कार मंडळी. मावसभाऊ नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा कॉर्न स्नेक पेटीसकट आमच्या घरी आला. नाव केशर, नर, वय वर्षाच्या आसपास. आला तेव्हा ६२ ग्रॅम होता, काल ५९ भरला. भावाकडे दर आठवड्याला एक फझी उंदीर (नुकती लव फुटलेलं, गोठवून ठेवलेलं पिल्लू) न चुकता खायचा. इथे आल्यापासून जवळजवळ महिना झाला, तोंडही लावत नाही. जीभ बाहेर काढतो, वास घेतो आणि मान वळवतो.

पेटी अशी: दोन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, त्यावर लाल बल्ब (दिवसरात्र चालू), खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मधोमध प्लॅस्टिकची एक मोठी गुहा, एका कोपऱ्यात पाण्याचं भांडं. टाकी हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटावर आहे. मागच्या काचेला चिकटवलेला थर्मामीटर ३० दाखवतो. डोळे स्वच्छ आहेत, कात टाकायच्या बेतात दिसत नाही.

एका व्हिडिओत तोंड उघडून उंदीर आत सारताना दाखवलं आहे. ते करावं का? आजी म्हणते नागपंचमी जवळ आली आहे, थोडं दूध ठेवून बघ. मला फार काळजी वाटते आहे, कृपया मार्गदर्शन करा.

दर्याकिनारी

फ्रीजमधला उंदीर गार आणि निर्जीव, त्याला काय कळणार? जिवंत पिल्लू सोडून बघा, हालचाल दिसली की झडप घालेल.

कुळागर

पायवाट ताई, तोंड उघडून काहीही घालू नका आणि जिवंत उंदीरही सोडू नका. दोन्हींची कारणं खाली कोणीतरी सांगेलच, आधी पेटीकडे बघू. भावाकडे नियमित खाणारा साप घर बदलल्यावर थांबला, म्हणजे बदललेल्या गोष्टींत शोधायचं. साप तोच, उंदीर तोच. हवा बदलली आणि जागा बदलली.

काही मापं हवी आहेत. काचेवरचा थर्मामीटर वरच्या हवेचं तापमान सांगतो, साप जमिनीवर राहतो. बल्बच्या खाली जमिनीवर किती? गुहेच्या आत किती? दुसऱ्या टोकाला किती? आर्द्रता मोजता येत असेल तर तीही. आणि कोकोपीट मुठीत दाबून बघा, हाताला ओल लागते का? साप दिवसा कुठे असतो तेही लिहा.

पायवाट_डिचोली

बाबा एसी दुरुस्तीचं काम करतात, त्यांची इन्फ्रारेड गन वापरली. बल्बखाली एक चपटा दगड आहे त्यावर ३४. गुहेच्या आत जमिनीवर २५.५. लांबच्या टोकाला २५. आर्द्रता ८८ टक्के. कोकोपीट दाबलं तर पाणी येत नाही पण हात ओलसर होतो, खालचा थर जास्तच ओला आहे. मी वरून पाणी मारत नाही.

दिवसभर गुहेत असतो. रात्री काचेला नाक घासत फिरतो.

कुळागर

मापांतच उत्तर आहे. सविस्तर लिहितो.

तुमच्या पेटीत ऊब फक्त एकाच जागी आहे, दगडावर, उघड्यावर, डोक्यावर दिवा असताना. लपायला जागा एकच, आणि ती थंड. म्हणजे केशरला रोज ठरवावं लागतं, ऊब घ्यायची की लपायचं. कॉर्न स्नेक लाजाळू जात आहे, पहाटे आणि संध्याकाळनंतर हिंडणारी, दिवसा सालीखाली किंवा बिळात राहणारी. दोन्हींतून एक निवडायची वेळ आली तर ती लपणंच निवडते. तो दिवसाचे सगळे तास २५ अंशांत काढतो आहे.

सापाचं पोट स्वतःची उष्णता तयार करत नाही. शरीर थंड असताना गिळलेला उंदीर पचायच्या आधी आत कुजू लागतो आणि साप तो ओकतो. तेव्हा गारठ्यात न खाणं ही त्याची शहाणीव आहे, हट्ट नाही. तोंड उघडून जबरदस्तीने भरवलेला घास याच पोटात जाणार होता, म्हणून नको म्हटलं.

आता करायचं काय. लाल बल्ब काढा. रेप्टाइल हीट मॅट घ्या, टाकीच्या तळाचा एक तृतीयांश भाग झाकेल एवढी, काचेच्या बाहेरून खाली. टाकीला चार कोपऱ्यांत रबराचे पाय लावा म्हणजे मॅट आणि कपाटाच्या मध्ये हवा राहील. थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला मॅट बंद-चालू करणारं यंत्र) मॅट लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. नुसती मॅट चाळीसच्या वर जाऊ शकते आणि पोट भाजेपर्यंत साप हलत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) टाकीच्या आत, ऊबदार हाईडच्या (लपायच्या जागेच्या) खाली, काचेला टेपने न चिकटवता घट्ट बसवा (टेपला साप चिकटला तर खवले सोलले जातात). जमिनीवर ३० ते ३१ मिळेपर्यंत सेटिंग हळूहळू वाढवा. लांबचं टोक २४-२५ राहू दे, पावसाळ्यात ते आपोआप राहतं.

मग दोन हाईड, एक मॅटवर, एक थंड बाजूला. आणि ती मोठी गुहा काढून टाका. सापाला ऐसपैस खोली नको असते, वेटोळं घातल्यावर दोन्ही बाजूंनी अंगाला भिंत लागली पाहिजे. ६० ग्रॅमच्या सापाला अर्धी करवंटी उत्तम. कडेला दोन बोटं जातील एवढी खाच पाडा, धार कानशीने घासून काढा, आतलं खोबरं पूर्ण खरवडा नाहीतर बुरशी येईल. आपल्याकडे घरोघरी मिळते, धुऊन उन्हात वाळवता येते, खराब झाली तर फेकून दुसरी.

तिन्ही बाजूंच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर लावा. उरलेल्या जागेत सुकी फांदी, बांबूचे तुकडे, प्लॅस्टिकची पानं भरा. एका करवंटीतून दुसरीकडे जाताना त्याला उघडं मैदान पार करावं लागता कामा नये. रात्री काच घासणं म्हणजे बाहेर पडायची वाट शोधणं, ते यानेच कमी होईल. झाकणाला क्लिपा आहेत ना ते बघून घ्या. हे साप झाकण उचलण्यात पटाईत असतात.

कोकोपीटबद्दल पुढच्या प्रतिसादात, जेवायची वेळ झाली.

पाणवठा

एक शंका. कॉर्न स्नेक मुळात अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा वगैरे. तिथला उन्हाळाही चांगलाच दमट असतो. मग गोव्याची ८८ टक्के आर्द्रता त्याला का सोसू नये?

कुळागर

चांगला प्रश्न. रानातला साप दमट हवेतही कोरडी जागा शोधतो. वाळक्या सालीखाली, ओंडक्यात, धान्याच्या कोठारात. शिवाय तिथे वारा वाहतो. पेटीत हवा अडलेली आणि जमीन ओली, आणि पोट चोवीस तास त्या ओल्या जमिनीला टेकलेलं. पुस्तकात ४० ते ६० टक्के लिहिलेलं असतं. जुलैत फोंड्यात किंवा डिचोलीत तो आकडा यंत्राशिवाय गाठता येणार नाही आणि त्याच्यामागे धावायचीही गरज नाही. पायाखाली कोरडं आणि हवा खेळती, एवढं सांभाळलं की हवेतला आकडा थोडा जास्त असला तरी चालून जातं.

म्हणून जून ते सप्टेंबर कोकोपीट बंद. ते हवेतूनच ओल ओढतं, तुम्ही पाणी मारा वा न मारा. वर्तमानपत्र किंवा किचन पेपर घाला, पाच-सहा थर, मधे थोडा चुरगळलेला, म्हणजे तो थरांच्या मधे शिरून लपू शकेल. दिसायला साधं, पण ओलं झालेलं लगेच दिसतं आणि बदलता येतं. पाण्याचं भांडं लहान करा आणि थंड बाजूला ठेवा, मॅटवर ठेवलं तर वाफ होऊन सगळी टाकी घामेजते. कात टाकायच्या वेळी, डोळे दुधाळ झाले की, तेवढ्यापुरता ओल्या शेवाळाचा एक डबा ठेवायचा आणि कात पडली की काढायचा.

आज त्याला उचलून पोटाचे खवले नीट बघा. लालसर किंवा तपकिरी डाग, फोड, खवल्यांच्या कडा उचललेल्या, असं काही आहे का?

पायवाट_डिचोली

शेपटीकडच्या चार-पाच खवल्यांच्या कडेला फिकट तपकिरी रेघ आहे. फोड नाहीत. पुसून गेली नाही.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, सरपटणारे प्राणीही बघतो. फिकट रेघ म्हणजे ओलीचा पहिला परिणाम असू शकतो. कोरड्या कागदावर ठेवा, मलम-तेल काही लावू नका. पुढच्या एक-दोन कातींत ती जायला हवी. रेघ लाल झाली, खवल्याखाली पाणी भरलं किंवा वास आला तर फोटोवर विसंबू नका, दाखवायला आणा.

न खाणाऱ्या सापाकडे बघताना घरच्यांनी काही गोष्टी तपासाव्यात. तोंड उघडं ठेवून, मान वर करून श्वास घेतो का? श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे, तोंडात चिकट तार? हिरड्यांवर पिवळट साका? पाण्याच्या भांड्यात बुडून मेलेले बारीक काळे ठिपके (गोचीडवर्गातले माइट्स)? यातलं एकही असेल तर पेटी सुधारत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. दमट आणि गार पेटीत श्वसनाचा संसर्ग लवकर होतो. ताजी विष्ठा मिळाली तर ती तपासून घ्या, जंतांमुळेही भूक जाते.

वजनाचं सांगतो. ६२ वरून ५९ म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. धडधाकट सापाला काही आठवडे उपास सहज झेपतो. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं, म्हणजे तुमच्या बाबतीत ५६ च्या खाली, तर वाट बघू नका. आठवड्यातून एकदाच वजन करा, रोज उचललं तर त्या त्रासानेच तो खाणार नाही.

दर्याकिनारी, जिवंत उंदराबद्दल. न खाणाऱ्या सापाच्या पेटीत उंदीर सोडला की उंदीरच सापाला कुरतडतो. पाठीचं मांस उघडं पडलेले साप मी शिवले आहेत. घरात पकडलेला उंदीर तर मुळीच नको, त्याच्या पोटात उंदीर मारायचं औषध असू शकतं.

दर्याकिनारी

हे माहीत नव्हतं डॉक्टर. धन्यवाद.

रानमोगरा

आजींना कोणीतरी प्रेमाने सांगा की साप दूध पीत नाही. तहानेने कासावीस झालेला साप समोर येईल ते ओढतो, आणि दूध त्याला पचत नाही. स्वच्छ पाण्याचं भांडं भरून ठेवणं हीच त्याची नागपंचमी. माझ्या सासूबाईंना हे पटलं, आता त्या स्वतः भांडं घासून देतात.

चिरेबंदी

मडगावहून. टीव्हीच्या कपाटाचा मुद्दा कोणी घेतला नाही. सापाला हवेतला आवाज कमी पण जमिनीतला, लाकडातला हादरा फार जाणवतो. स्पीकर त्याच कपाटावर असेल तर त्याचं घर दिवसभर थरथरतंय. आतल्या, वर्दळ नसलेल्या खोलीत न्या. आणि आताच न्या, कारण पुढे चतुर्थी आहे. आमच्याकडे हॉलमध्ये गणपतीवर माटोळी (फळाफुलांचं छत) बांधतात, घुमट-शामेळ ही वाद्यं घेऊन आरतीला अख्खा वाडा जमतो, बाहेर फटाके. त्या काळात टाकी हलवावी लागली तर महिनाभराची मेहनत वाया जाईल.

जागा निवडताना मे महिन्याचाही विचार करा. आमचं घर चिऱ्याचं, वर नळे (कौलं). मे महिन्यात दुपारी माडीवर ३५ होतात. तेव्हा मॅट बंद असली तरी टाकीत थंड बाजूच उरत नाही. आणि सगळीकडे सारखंच गरम असलं तरी साप खात नाही. तळमजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत, फरशीपासून थोड्याच उंचीवर ठेवल्यापासून माझी मादी मे महिन्यातही खाते. फार तापलं तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून थंड बाजूच्या काचेला बाहेरून टेकवायची.

पायवाट_डिचोली

पावसात वीज जाते त्याचं काय? इन्व्हर्टर फक्त दिवे आणि पंख्यांपुरता आहे.

कुळागर

जुलैत घरात २५-२६ असतं, रात्रभर मॅट बंद राहिली तरी त्याला काही होत नाही. फक्त नुकतंच खाल्लं असेल तेव्हा ऊब हवी. वादळाचा इशारा असेल त्या संध्याकाळी खायला देऊ नका, एवढंच पाळा. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून टाकीच्या बाहेर लावता येते.

सगळं बसवलं की पाच ते सात दिवस त्याला हातच लावू नका. पाणी बदला, बस. मग संध्याकाळी दिवे मंद करून द्या. उंदीर आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात, दुसऱ्या दिवशी झिपच्या पिशवीत घालून हाताला सोसेल अशा गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, आत शिजतो आणि पोट फुटतं. बाहेर काढल्यावर किचन पेपरने पुरता कोरडा करा, डोकं मात्र ऊबदार राहायला हवं, ३८ च्या आसपास. लांब चिमट्याने त्याच्या नाकासमोर नाचवू नका. लाजाळू सापाला तो हल्ला वाटतो. हाईडच्या तोंडाशी ठेवा, झाकण लावा, खोलीबाहेर जा.

एक आपल्याकडची अडचण. मेलेल्या उंदराला मुंग्या अर्ध्या तासात लागतात आणि त्या सापालाही चावतात. टाकी स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, आपल्या आज्या दुधा-तुपाच्या फडताळाला करायच्या तसे. सकाळी उंदीर तसाच असेल तर फेकून द्या, परत गोठवू नका.

पाणवठा

पालीच्या शेपटीने उंदीर घासून वास द्यायचा, असं वाचलं आहे. उपयोग होतो का?

कुळागर

होतो, पण तो उपाय पहिल्या घासालाच नकार देणाऱ्या पिल्लांसाठी. रानात त्यांची पिल्लं पाली-बेडूकच खातात. केशर उंदीर ओळखतो, त्याला वासाची अडचण नाही. शिवाय भिंतीवरच्या पालीतून जंत येतात. युक्त्या शेवटी, घर आधी.

नवा_पाहुणा

मुळात साप पाळणं कायद्यात बसतं का? वनखातं पकडणार नाही ना?

चिरेबंदी

आपल्याकडचा कुठलाही साप, धामण, दिवड, अजगर, काहीही, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घरात शिरला तर वनखात्याला कळवायचं. परदेशी जातींसाठी २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) याद्यांमधल्या प्राण्यांची नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेक त्या याद्यांत नाही, तरीही खरेदीचे कागद भावाकडून मागून घरी ठेवा. आणि परदेशी साप कंटाळा आला म्हणून रानात सोडायचा नाही, कधीच नाही.

पायवाट_डिचोली

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. बाबांनी थर्मोस्टॅट बसवून दिला, ऊबदार करवंटीखाली आता ३०.५ असतं, लांबच्या टोकाला २५. टाकी आजीच्या खोलीत मागच्या बाजूला हलवली आहे, आजीनेच जागा करून दिली. कागद घातल्यावर पहिल्याच रात्री तो थरांत शिरला. वरून फक्त एक उंचवटा सरकताना दिसत होता. आता दिवसा मॅटवरच्या करवंटीत असतो. खाचेतून बघितलं तर अंग चारी बाजूंनी करवंटीला टेकलेलं, डोकं वेटोळ्याच्या मधोमध. काच घासणं जवळजवळ थांबलं.

पहिल्यांदा दिलं तेव्हा वास घेऊन आत गेला, सकाळी उंदीर तसाच. आठवडाभर थांबून काल परत ठेवला. या वेळी दाराच्या फटीतून बघत होते. जीभ आधी झरझर चालली, मग एकदम सावकाश. मान इंग्रजी एससारखी मागे ओढली, आणि उंदीर मेलेला असूनही झडप घालून दोन वेढे आवळले. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग सोडून डोक्याकडून गिळला. मी आणि आजी दोघी श्वास रोखून उभ्या होतो. वजन ५८ पर्यंत उतरलं होतं.

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. आता भूक भागवायला मोठा उंदीर देऊ का? आणि हातात कधी घेऊ?

कुळागर

फार आनंद झाला वाचून! मोठा नको. अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढीच किंवा किंचित जास्त जाडी, या मापातली फझीच सात दिवसांनी. असे तीन घास लागोपाठ पचले, विष्ठा नीट झाली, की मग हॉपर (फझीपेक्षा थोडं मोठं पिल्लू). खाल्ल्यावर निदान दोन दिवस हातात घेऊ नका. सुरुवातीचे काही घास होईपर्यंत तर अजिबातच नको. ओकला तर दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती द्या आणि नंतर आधीपेक्षा लहान उंदीर द्या. दुसऱ्यांदा ओकला तर डॉक्टर.

वयात आल्यावर हिवाळ्यानंतर, जोडीच्या हंगामात नर काही आठवडे खात नाहीत. तेव्हा वजन टिकून असेल तर घाबरू नका.

गुरांचा_डॉक्टर

शेपटीची रेघ पुढच्या कातीनंतर परत बघा. फोटो इथे टाकलात तरी चालेल.

नवा_पाहुणा

माझ्या मित्राचा बॉल पायथॉनही पावसाळ्यात खात नाही. हेच सगळं त्यालाही लागू का?

चिरेबंदी

दोन हाईड, ऊब आणि शांतता, एवढं लागू. पण त्याला आर्द्रता कॉर्नपेक्षा जास्त लागते, ऊबही थोडी जास्त, आणि ती जात महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. शिवाय साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने नोंदणी आहे का ते मित्राला आधी विचारा. वजन, तापमानं आणि पेटीचे फोटो घेऊन वेगळा धागा काढा, तिथे बोलू.